बालपणी वृषणे खरोखरच झोपलेली असतात का?

जुना_फळा (मूळ लेख)

वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञान शिकवत असताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्याजवळ बोलावून एक आलेख काढायला सांगत असे. आडव्या अक्षावर मुलाचे वय आणि उभ्या अक्षावर त्याच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन. बहुतेक जण जन्मापासून अकराव्या वर्षापर्यंत तळाला चिकटलेली सपाट रेघ ओढत आणि मग एकदम चढ दाखवत. खरा आलेख तीन डोंगरांचा आहे. पहिला डोंगर आईच्या पोटात, दुसरा जन्मानंतरच्या तीन महिन्यांत आणि तिसरा, जो सर्वांना ठाऊक असतो तो, वयात येताना. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोंगरामधल्या पठारावर काहीच घडत नाही, हा समज मोडावा म्हणून हा धागा काढत आहे.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत त्याची जननग्रंथी वृषण होणार की अंडाशय, हे तिच्या रूपावरून ओळखता येत नाही. १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक शोधले. ते जागे झाले की ग्रंथीतील काही पेशी सर्टोली पेशी बनतात आणि एएमएच नावाचे संप्रेरक स्रवू लागतात, ज्यामुळे गर्भाशय व बीजवाहिन्यांचा कच्चा आराखडा विरघळून जातो. आठव्या आठवड्याच्या सुमारास शेजारच्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. गंमत अशी, की त्यांना पहिला हुकूम बाळाच्या मेंदूकडून मिळत नाही. तो वारेकडून येतो. गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवणारे एचसीजी हेच त्या हुकुमाचे संप्रेरक. बाळाची स्वतःची पीयूष ग्रंथी सूत्रे हाती घेते ती बरीच नंतर.

वृषण दोन निरनिराळी संप्रेरके पाठवते, हे आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये सशाच्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून दाखवले. वृषणे काढून टाकलेल्या नर गर्भात गर्भाशय वाढले, आणि त्याला बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर नराच्या नलिका टिकल्या तरी गर्भाशयही तसेच राहिले. म्हणजे ते विरघळवणारा पदार्थ वेगळाच असला पाहिजे. तोच पुढे एएमएच म्हणून ओळखला गेला.

आता दुसरा डोंगर. गर्भात असताना वारेतून येणारे इस्ट्रोजेन बाळाच्या पीयूष ग्रंथीवर दाब ठेवून असते. नाळ कापली की तो दाब उठतो आणि आठवडाभरात त्या ग्रंथीची दोन संप्रेरके, लायडिग पेशींना हुकूम देणारे एलएच आणि सर्टोली पेशींना हुकूम देणारे एफएसएच, वर चढू लागतात. त्यामागोमाग टेस्टोस्टेरॉन चढते, एक ते तीन महिन्यांच्या वयात शिखर गाठते आणि सहाव्या महिन्यापर्यंत पुन्हा खाली येते. फ्रान्समधील मागेलोन फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तान्ह्या मुलांच्या रक्तात हे मोजले, तेव्हा अनेकांना ते खरे वाटेना. या काळाला आज मिनी-प्युबर्टी म्हणतात. आपण त्याला छोटे वयात येणे म्हणू या.

मग पाळण्यातल्या बाळाच्या वृषणात शुक्राणू का तयार होत नाहीत? कारण त्या वयात सर्टोली पेशींकडे टेस्टोस्टेरॉनचा निरोप वाचणारा ग्राहक जवळजवळ नसतोच. टपाल येते, पण घरात वाचणारे कोणी नाही. हा ग्राहक साधारण पाच वर्षांनंतर हळूहळू अधिकाधिक पेशींत दिसू लागतो. तोपर्यंत सर्टोली पेशी अपरिपक्व राहून, मुख्यतः एफएसएचच्या प्रभावाखाली, एकच काम करतात: संख्येने वाढणे. प्रौढपणी एक सर्टोली पेशी ठरावीकच जननपेशी सांभाळू शकते आणि वयात येताना तिचे विभाजन थांबते. त्यामुळे पुरुषाची शुक्राणू बनवण्याची कमाल क्षमता किती, याचा बराचसा हिशेब दाढीमिशा येण्याआधीच लिहून झालेला असतो, आणि एफएसएच नसेल तर शुक्राणूच बनत नाहीत.

मधल्या पठारावर वृषणाचे आकारमान १ मिलिलिटरवरून फार तर २ पर्यंत जाते, लायडिग पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात आणि टेस्टोस्टेरॉन नगण्य असते. पण एएमएच या सगळ्या काळात भरपूर असते. म्हणून चार वर्षांच्या मुलाचे टेस्टोस्टेरॉन मोजून 'वृषण काम करत नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे रात्री शाळेत जाऊन मुख्याध्यापक नाहीत म्हणण्यासारखे आहे. त्या वयात विचारायचे ते एएमएच आणि सर्टोली पेशींचेच दुसरे संप्रेरक इन्हिबिन-बी यांना.

लेकाची_आई

सर, लेख दोनदा वाचला. आमचा मुलगा चौतिसाव्या आठवड्यात जन्मला आणि आता पाच महिन्यांचा आहे. त्याची उजवी गोटी जन्मापासून खाली आलेली नाही. बालरोगतज्ज्ञ 'सहा महिन्यांपर्यंत थांबू' म्हणतात. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की आपोआप उतरेल, आणि शेजारच्या मुलाला तर एका दवाखान्यात 'वयात आल्यावर बघू' असे सांगून पाठवले होते. मालिश करणाऱ्या मावशी रोज तेल लावून तिथे वरून खाली चोळतात. यांतले नेमके कोणाचे ऐकायचे?

जुना_फळा

ताई, बालरोगतज्ज्ञांचे ऐकावे, आणि त्यात एक हिशेब जोडावा. हे सहा महिने जन्मतारखेपासून नव्हे, तर बाळ पूर्ण दिवसांचे झाले असते त्या तारखेपासून धरतात. तुमचे बाळ सहा आठवडे लवकर आले, म्हणून या कामापुरते त्याचे वय साडेतीन महिन्यांच्या आसपास आहे. अजून त्याचे छोटे वयात येणे चालू आहे, त्यामुळे थांबण्याला शास्त्रीय अर्थ आहे.

वृषण गर्भात मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होते आणि तिथून दोन टप्प्यांत खाली येते. पहिला टप्पा पोटातला. तो लायडिग पेशींच्याच इन्सल-३ नावाच्या दुसऱ्या संप्रेरकावर चालतो. हे संप्रेरक नसलेल्या उंदरांची वृषणे वरच राहतात, असे १९९९ मध्ये दिसून आले. दुसरा टप्पा जांघेतून वृषणकोशापर्यंतचा. तो टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पार पडतो. म्हणूनच दिवस भरलेल्या मुलांत शंभरात एक ते चार जणांना ही अडचण असते, तर अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ती कितीतरी अधिक आढळते. राहिलेला प्रवास जन्मानंतरच्या संप्रेरकांच्या लाटेत अनेकदा पूर्ण होतो. ती लाट ओसरल्यावर मात्र आपोआप उतरण्याची शक्यता फार थोडी उरते, आणि सासूबाईंचे म्हणणे तिथे लागू पडत नाही.

वयात येईपर्यंत थांबण्याचा सल्ला जुन्या काळचा आहे. बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना वृषणातील आदिम जननपेशींचे रूपांतर पुढे आयुष्यभर पुरणाऱ्या मूळ पेशींमध्ये होते. पोटाच्या उबेत, वृषणकोशापेक्षा दोन-चार अंश जास्त तापमानात, हे रूपांतर अर्धवट राहते आणि पुढे जननपेशी कमी होत जातात. वर राहिलेल्या वृषणात कर्करोगाची शक्यताही वाढते. म्हणून सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊन ती अठरा महिन्यांच्या आत उरकावी, अशी आजची शिफारस आहे.

मालिशीने हाताला तेल लागेल, वृषण उतरणार नाही. जांघेत जोर लावून चोळणे थांबवावे. बाकी अंगाला खुशाल लावावे.

रात्रपाळी

मी बालशल्यविभागात काम करतो, म्हणून वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे, उतरलेले पण लाजरे वृषण वेगळे. थंड हात लागला की स्नायू आखडून ते वर जाते आणि कोमट पाण्यात अंघोळ घालताना सहज खाली दिसते. अशा मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र दरवर्षी एकदा तपासून घ्यावे, कारण त्यांतली काही पुढे खरोखर वर जाऊन बसतात. आमच्याकडे पालक अनेकदा सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात. अनुभवी बोटांपेक्षा तो कागद क्वचितच जास्त सांगतो. वृषण उतरवण्यासाठी एचसीजीची इंजेक्शने देण्याची पद्धत होती, पण अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या सूचनांत तिची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरी गोष्ट निकडीची. नवजात बाळ मुलगा दिसते, पण दोन्ही बाजूंना वृषण हाताला लागत नाही, अशा वेळी सहा महिने थांबायचे नसते. ती मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात दोषामुळे बाह्य अवयव मुलासारखे झालेली मुलगीही असू शकते, आणि त्या दोषात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातील क्षार ढासळून जिवावर बेतू शकते. लेकाची_आई यांच्या बाळाचे एक वृषण जागेवर आहे, त्यामुळे हा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही. इतर वाचकांसाठी आहे.

पाटणचा_मास्तर

मी नववीचा वर्गशिक्षक आहे. वर्गातील एक मुलगा साडेचौदा वर्षांचा असून उंचीने सर्वांत लहान आहे. त्याचा आवाज फुटलेला नाही, मिसरूडही नाही, आणि मुले त्याला अतिशय छळतात. वडील मला विचारतात, 'गुरुजी, डॉक्टरला दाखवू का?' दुसरा प्रश्न माझ्या कुतूहलाचा. इतकी वर्षे गप्प असलेल्या शरीराला आता वेळ झाली, हे कळते कसे?

जुना_फळा

मास्तर, दाखवावे. पण मिसरूड बघून काळजी किंवा समाधान मानू नये, कारण मिसरूड या पंगतीत जवळजवळ शेवटी येणारा पाहुणा आहे. मुलगा वयात येऊ लागल्याची पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ, आणि ती घरात कोणाच्याच लक्षात येत नाही. स्विस बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये यासाठी एक साधन सुचवले. लहान-मोठ्या बारा अंडाकृती मण्यांची ती माळ असते, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंतची. एका हाताने वृषण आणि दुसऱ्या हाताने मणी चाचपून जुळवायचा, इतकेच. चारचा मणी जुळला की मुलगा वयात येऊ लागला. जननेंद्रियाची वाढ आणि लव त्यानंतर, उंचीची मोठी झेप साधारण दहा-बाराच्या मण्याला, आवाज त्याच सुमारास, आणि ओठावरची रेघ नंतर.

ब्रिटनमध्ये मार्शल आणि टॅनर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ही सुरुवात सरासरी साडेअकरा वर्षांच्या आसपास होती आणि साडेनऊ ते साडेतेरा एवढा तिचा पल्ला होता. चौदा पूर्ण होऊनही चारचा मणी जुळत नसेल तर तपासणी करावी. तुमच्या विद्यार्थ्याचे वृषण पाच मिलिलिटरचे निघाले तर गाडी सुटलेली आहे, फक्त उशिरा. तेव्हा वडिलांना त्यांचा स्वतःचा आवाज कधी फुटला हे विचारा. 'कॉलेजात गेल्यावर उंच झालो' असे उत्तर पुष्कळदा येते, आणि तोच घरातून आलेला उशीर असतो. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढले की त्याला बळकटी मिळते. वृषण दोन मिलिलिटरचे असेल तर प्रश्न वेगळे. त्यांतला एक प्रश्न चमत्कारिक वाटेल: त्याला फोडणीचा, फुलांचा वास येतो का? पीयूष ग्रंथीला चालवणारे जीएनआरएच हे संप्रेरक बनवणाऱ्या चेतापेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या वाटेने मेंदूत जातात. ती वाट तुटली तर वासही नाही आणि वयात येणेही नाही. यालाच कालमन सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांचे छोटे वयात येणेही चुकलेले असते, म्हणून त्यांच्यापैकी काहींची वृषणे तान्हेपणीच वर राहिलेली असतात.

कुतूहलाच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच सापडले आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच ठोक्याठोक्याने सुटते. बालपणी त्यावर लगाम असतो आणि तो सैल होऊ लागतो तो आधी रात्री, झोपेत. १९७८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी माकडांवर दाखवले, की जीएनआरएच तासाला एकदा दिले तर पीयूष ग्रंथी चालते आणि सलग दिले तर ती बंद पडते. या ठोक्यांना चालना देणारे किसपेप्टिन आणि त्याचा ग्राहक यांचा वयात येण्याशी असलेला संबंध २००३ मध्ये पॅरिस आणि बोस्टन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे उघड केला. किसपेप्टिन आधी अमेरिकेतील हर्शी या चॉकलेटच्या गावी सापडले होते आणि त्याचे नाव तिथल्या 'किस' चॉकलेटांवरून पडले. लगाम नेमका कोण धरतो आणि कोणत्या घटकेला सोडतो, हे मात्र शास्त्राला अजून पुरते उलगडलेले नाही.

जनुकवेडा

लेख उत्तम आहे, तरी एक हरकत नोंदवतो. 'एफएसएच नसेल तर शुक्राणूच बनत नाहीत' हे विधान टिकत नाही. १९९७ मध्ये फिनलंडमधील पाच पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांच्यात एफएसएचचा ग्राहकच जनुकीय दोषामुळे निकामी होता. त्यांची वृषणे लहान होती, शुक्राणूंची संख्या व दर्जा कमी-अधिक बिघडलेला होता, पण पाचांपैकी एकही जण पूर्णपणे शुक्राणूरहित नव्हता. उलट एलएचची बाजू तुटली तर टेस्टोस्टेरॉन नाही आणि शुक्रजनन कोलमडते.

जुना_फळा

हरकत मान्य. एफएसएच सर्टोली पेशींची संख्या वाढवते आणि त्यामुळे वृषणाचा आकार व उत्पादनाची मर्यादा ठरते. उत्पादन सुरू होण्यासाठी अनिवार्य आहे ते वृषणाच्या आतील टेस्टोस्टेरॉन. मूळ लेखातील वाक्य असे वाचावे.

बे_एरियाकर

मग मास्तरांच्या विद्यार्थ्याला सरळ टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन टाकले तर काय बिघडले? इकडे व्यायामशाळेत सतरा-अठराची मुले सर्रास घेताना दिसतात.

रात्रपाळी

व्यायामशाळेतली गोष्ट आणि दवाखान्यातली गोष्ट एक नव्हे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट असते, आणि शुक्रजननाला ती आतली पातळी लागते. बाहेरून मोठ्या मात्रेत दिले की मेंदूला वाटते, माल भरपूर आहे. एलएच आणि एफएसएच दोन्ही बंद होतात, आतली पातळी कोसळते आणि वृषण आक्रसते. दंड फुगतात आणि वृषण लहान होते, हे दृश्य आम्ही बाह्यरुग्ण विभागात पाहतो.

निव्वळ उशीर असलेल्या मुलाला, छळामुळे तो खचत असेल तर, अगदी कमी मात्रेत तीन ते सहा महिने टेस्टोस्टेरॉन देतात. त्याने लव, आवाज, उंची यांना हात मिळतो आणि औषध थांबल्यावर त्याची स्वतःची यंत्रणा चालू झाली का, हे पाहतात. ते कसे पाहतात? पुन्हा मण्यांची माळ. वृषण वाढू लागले असेल तर ती वाढ औषधाची नाही, त्याची स्वतःची आहे. कालमन सिंड्रोममध्ये टेस्टोस्टेरॉनने मुलगा पुरुष दिसू लागतो, पण वृषणे तशीच राहतात. त्यांची वाढ हवी असेल तर एचसीजी आणि एफएसएच लागते. छोटे वयात येणेच चुकलेल्या मुलांना आधी काही महिने नुसते एफएसएच देऊन सर्टोली पेशींची राहिलेली वाढ भरून काढण्याचा प्रयत्नही होतो.

सोनचाफा

उलट बाजूविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या नात्यातील सहा वर्षांच्या मुलाला जांघेत केस आले आहेत आणि तो वर्गात सर्वांत उंच आहे. घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. हे कौतुक करण्यासारखे आहे का?

जुना_फळा

नाही. नऊ वर्षांच्या आत मुलात अशी लक्षणे दिसली तर विलंब न करता बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे जावे. आज उंच दिसणाऱ्या मुलाची हाडे लवकर मिटतात आणि मोठेपणी तो ठेंगणा राहतो.

इथेही वृषणाचा आकार अर्धे निदान सांगतो. दोन्ही वृषणे वाढलेली असतील तर हुकूम मेंदूतून आलेला आहे. मुलांमध्ये अशा वेळी मेंदूत गाठ वगैरे सापडण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त, म्हणून एमआरआय करतात. केस व उंची आहे पण वृषणे दोन मिलिलिटरचीच आहेत, तर टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके दुसरीकडून येत आहेत, बहुधा अधिवृक्क ग्रंथीतून. एकच वृषण मोठे असेल तर त्यात गाठ आहे का हे पाहावे. आणि दोन्ही वाढलेली, पण लक्षणांच्या मानाने लहान, शिवाय घराण्यातील पुरुषांत अशीच कहाणी असेल, तर एलएचचा ग्राहक हुकुमाविनाच चालू राहिल्याचा एक दुर्मीळ जनुकीय दोष असू शकतो. १९९३ मध्ये तो ओळखला गेला.

मेंदूकडून आलेल्या प्रकारावरचा उपाय त्या माकडांच्या प्रयोगातूनच निघाला आहे. जीएनआरएचसारखे औषध सलग मिळत राहील अशी इंजेक्शने महिन्याने किंवा तीन महिन्यांनी देतात, पीयूष ग्रंथी त्याला कंटाळून गप्प बसते आणि योग्य वय झाले की औषध थांबवतात.

परळकर

थोडे अवांतर. इन्हिबिनचा उल्लेख आला म्हणून आठवले. एफएसएचला मागे खेचणारे हे संप्रेरक शोधण्याच्या शर्यतीत परळची प्रजननसंशोधन संस्थाही होती. तिथे वीर्यातून वेगळे केलेले प्रथिन पुढे प्रोस्टेट ग्रंथीचे निघाले. खरे इन्हिबिन सर्टोली पेशींचे. शर्यत हुकली, पण त्या प्रथिनावरचे काम वाया गेले नाही.

अवांतराबाहेरचा प्रश्न: वृषणे मोठी, पण केस नाहीत, उंची खुंटलेली, असेही असते का?

रात्रपाळी

असते, आणि ते ओळखले तर उपचार सर्वांत सोपा आहे. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या थायरॉइडच्या कमतरतेत तसे होते. थायरॉइडचे संप्रेरक सर्टोली पेशींना 'आता विभाजन पुरे' असे सांगते. ते नसेल तर पेशी वाढतच राहतात, आणि थायरॉइडला हुकूम देणारे, आता बेसुमार वाढलेले टीएसएच हे पीयूष ग्रंथीचे संप्रेरक एफएसएचच्या ग्राहकालाही थोडेफार डिवचते. वृषण मोठे होते, टेस्टोस्टेरॉन मात्र नाही. सुस्त, बुटका, बद्धकोष्ठ असलेला मुलगा आणि मोठी वृषणे असे दिसले की आधी टीएसएच करावे. गोळी सुरू केल्यावर उंची वाढू लागते.

लेकाची_आई

सर्वांचे आभार. हिशेब केला, सुधारित वयाचे सहा महिने गणपतीच्या आठवड्यात पूर्ण होतात. मालिशवाल्या मावशींना सांगितले, त्या थोड्या रुसल्या. काल कोमट पाण्यात अंघोळ घालताना जांघेच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढे काही तरी हाताला लागले, पण हात काढला की ते वर सरकते. हे लाजरे समजायचे की अजून वाटेत असलेले?

रात्रपाळी

अजून वाटेत असलेले समजा. लाजरे वृषण खाली आणल्यावर, ओढ न लावता, निदान काही क्षण वृषणकोशाच्या तळाशी थांबते. तुमच्या वर्णनात ते तिथपर्यंत पोहोचतच नाही. जांघेत हाताला लागते आहे ही गोष्ट मात्र चांगली आहे, कारण ते पोटात नाही. तारीख गणपतीनंतरची घ्या, आणि तपासणीला येताना बाळाला दूध पाजून, गरम कपड्यात आणा. रडणाऱ्या, गारठलेल्या बाळाचे पोट ताणलेले असले की आम्हालाही नीट सांगता येत नाही.